आर्सेनिक नसतानाही चमकणारं सर्किट: निर्देशित उत्क्रांती कधी आणि कशी वापरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या चार विद्यार्थ्यांनी ई. कोलाय जीवाणूत पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारं एक सर्किट, म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांची जोडणी, बांधलंय. आर्सेनिक असेल तर पेशींनी हिरवं चमकायचं, नसेल तर अंधार. प्रत्यक्षात पेशी आर्सेनिक नसतानाही चमकतात. सहा महिने प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बदलून झाले, रायबोसोम (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) बसण्याच्या जागा बदलून झाल्या, फरक पडेना. आता त्यांचे गाइड म्हणतात, डायरेक्टेड इव्होल्यूशन, म्हणजे निर्देशित उत्क्रांती, करून बघा: जनुकात यादृच्छिक बदल करायचे आणि हवं तसं वागणारे निवडत जायचं. चौघांपैकी एकाला मात्र हे पटत नाही. त्याचं म्हणणं, सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे इंजिनीअरिंग. अंदाधुंद बदल करून जे जगेल ते उचलायचं, हे कसलं डिझाइन?

माझं उत्तर: जरूर करा. पण लायब्ररी, म्हणजे बदललेल्या जनुकांचा संच, बनवायला आज धावू नका. तुमचं यश म्युटेशन कशी केलीत यावर फारसं अवलंबून नाही, चाळणी, म्हणजे चांगले वाण निवडण्याची कसोटी, कशी लावलीत यावर आहे. गेली अनेक वर्षं मी हेच काम करतोय आणि वाया गेलेले बहुतेक महिने मला आठवतात ते चाळणीपायीच.

आधी त्या इंजिनीअरिंगच्या आक्षेपाबद्दल, कारण तो प्रामाणिक आहे. पूल बांधणाऱ्याला पोलादाची ताकद तक्त्यात मिळते. आपल्याला रिप्रेसर (जनुक बंद ठेवणाऱ्या) प्रथिनाची ताकद तशी मिळत नाही. तोच भाग दुसऱ्या प्लास्मिडवर (पेशीतल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) नेला, तापमान बदललं, पेशीचा स्ट्रेन बदलला, की तो वेगळा वागतो. प्रत्येक भाग सुटा चांगला असतो आणि एकत्र जोडले की जुळत नाहीत, ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे. २००२ मध्ये योहेई योकोबायाशी, रॉन वाइस आणि फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी नेमकं यावरच काम केलं. त्यांच्याकडे एक साधं उलटं सर्किट होतं: आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) घातलं की सीआय नावाचा रिप्रेसर बनावा आणि त्याने पिवळं चमकणारं प्रथिन बंद करावं. पण सीआय इतका जोरकस होता, की आयपीटीजी न घालता जो थोडासा गळायचा तोही सगळं बंद करायला पुरे. म्हणजे सर्किट कायमचं अंधारात. हिशेब करत बसण्याऐवजी त्यांनी सीआयच्या जनुकात यादृच्छिक बदल केले, आयपीटीजीशिवाय चमकणाऱ्या कॉलनी उचलल्या, आणि त्यातल्या आयपीटीजी घातल्यावर विझणाऱ्या ठेवल्या. न चालणारं सर्किट थोडक्या प्रयत्नांत चालू झालं. सर्किटचा आराखडा माणसाचा होता, जुळणी उत्क्रांतीने केली. आराखडा आपण काढायचा आणि जे आकडे आपल्याला ठाऊक नाहीत ते पेशीला शोधायला लावायचे, असं श्रमविभाजन आहे हे. यात मला इंजिनीअरिंगचा अपमान कुठे दिसत नाही.

आता ही पद्धत मुळात काय करते ते नीट समजून घ्या. आपल्या घरात ती रोज चालते. चांगलं लागलेल्या दह्यातलं चमचाभर काढून ठेवायचं आणि उद्याच्या दुधाला तेच विरजण लावायचं. आंबट झालेलं, तार सुटलेलं टाकून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे केलं की त्या घरच्या दुधाला, त्या घरच्या उबेला आणि त्या घरच्या जिभेला रुचणारे जीवाणू टिकतात. फेरबदल, निवड आणि पुढच्या पिढीकडे नेणं, एवढी तीन पावलं आहेत. १९६७ मध्ये सोल स्पीगलमन यांनी क्यू-बीटा विषाणूचा आरएनए असाच एका नळीतून दुसऱ्या नळीत ७४ वेळा नेला. नळीत त्याच्या प्रती काढणारं एन्झाइम आणि कच्चा माल तयार होता, त्यामुळे जो भराभर प्रती काढेल तोच पुढे जाणार. शेवटी त्या आरएनएने स्वतःचा ८३ टक्के भाग टाकून दिला होता. विषाणू म्हणून तो आता कुठल्याच पेशीला संसर्ग करू शकत नव्हता. पण संसर्ग कर असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लवकर हो, एवढंच सांगितलं होतं. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो, कारण तुम्ही मनात काय धरलं होतं याच्याशी रेणूला देणंघेणं नसतं. चाळणी जे सांगते तेवढंच त्याला ऐकू येतं.

अर्नोल्ड यांचं गाजलेलं काम यापेक्षा फार गुंतागुंतीचं नव्हतं. सबटिलिसिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम पाण्यात उत्तम चालतं. डायमिथाइलफॉर्मअमाइडसारख्या सेंद्रिय द्रावकात त्याचा जीव जातो. त्यांनी त्याच्या जनुकात बदल केले आणि जीवाणू केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, घातलेल्या प्लेटवर वाढवले. अशी प्लेट पांढुरकी, दुधाळ दिसते. एन्झाइम बाहेर टाकणाऱ्या कॉलनीभोवतीचं केसिन तुटतं आणि तिथे एक पारदर्शक कडं पडतं. कडं मोठं तर एन्झाइम सरस. डोळ्यांनी दिसणारं मोजमाप, प्लेटमागे अगदी थोडा खर्च, आणि द्रावक प्लेटमध्येच घातलेला! १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा वाण, म्हणजे बदललेलं एन्झाइम, ६० टक्के द्रावकात मूळ एन्झाइमच्या २५६ पट चालत होता. २०१८ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यांना मिळालं. उरलेलं अर्धं फेज (जीवाणूंना लागणारा विषाणू) वापरून प्रथिनं निवडण्याच्या फेज डिस्प्ले पद्धतीसाठी जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांच्यात वाटलं गेलं. लोकांना लक्षात राहतं ते नोबेल, मला मात्र ते पारदर्शक कडं.

तर तुमच्या सर्किटकडे येऊ. तुमचा रिप्रेसर आहे आर्सआर. आर्सेनिक नसताना तो डीएनएवर बसून राहतो आणि जनुक बंद ठेवतो. आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक रूप) आलं की ते त्याच्या ३२, ३४ आणि ३७ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लांना चिकटतं आणि तो डीएनए सोडतो. तुमचा आर्सआर पुरेसा घट्ट बसत नाही. इथे २००२ च्या उदाहरणात आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे, तो आधी मनात पक्का करा. त्यांचा रिप्रेसर गरजेपेक्षा जोरकस होता, त्याला कमजोर करायचं होतं. प्रथिन कमजोर करणं सोपं असतं. कुठेही बोट लावा, ते थोडं बिघडतंच. तुम्हाला ते सुधारायचं आहे, आणि सुधारणारे बदल दुर्मीळ असतात. त्यामुळे त्यांना जेवढ्या कॉलनी पुरल्या तेवढ्यात तुमचं भागणार नाही.

किती लागतील याचा हिशेब कागदावर करा, पाच मिनिटांचं काम आहे. आर्सआरमध्ये ११७ अमिनो आम्लं आहेत. प्रत्येक जागी इतर १९ पर्याय, म्हणजे एकच बदल असलेले वाण २,२२३. दोन बदल असलेले साधारण साडेचोवीस लाख. सगळेच्या सगळे क्रम बघायचे म्हटलं तर १०० अमिनो आम्लांच्या प्रथिनालासुद्धा १ वर १३० शून्यं इतकी जुळणी होते, तो नाद कुणीच करत नाही. आपण मूळ प्रथिनाच्या आजूबाजूला, एक-दोन पावलांच्या अंतरावर फिरतो. हातात आलेला सगळ्यात चांगला वाण घेऊन तिथून पुन्हा एक-दोन पावलं.

म्युटेशन टाकण्यासाठी एरर-प्रोन पीसीआर, म्हणजे मुद्दाम चुका होऊ देत जनुकाच्या प्रती काढणं, पुरेसं आहे. प्रती काढणाऱ्या टॅक पॉलिमरेज एन्झाइमला चुका सुधारता येत नाहीत. त्यात मँगनीज घातलं आणि चार न्यूक्लिओटाइडांचं प्रमाण असमान ठेवलं की चुका वाढतात. जनुकामागे एक ते तीन अमिनो आम्लं बदलतील एवढंच ठेवा. जास्त बदल म्हणजे जास्त वैविध्य असा मोह होतो, पण हिशेब उलटा आहे. समजा, दर बदलामागे प्रथिन शाबूत राहण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर पाच बदलांनंतर शंभरातली जेमतेम आठ प्रथिनं जिवंत राहतात. बाकी लायब्ररी म्हणजे मेलेल्यांची गर्दी. या पीसीआरची दुसरी मर्यादाही लक्षात ठेवा: एका कोडॉनमधलं (एका अमिनो आम्लासाठीची डीएनएची तीन अक्षरं) एकच अक्षर बदलून १९ पैकी सरासरी पाच-सहाच अमिनो आम्लांपर्यंत पोचता येतं. म्हणून पहिल्या फेरीत एखादी जागा महत्त्वाची दिसली, की त्या जागी सगळे पर्याय तपासायचे. एनएनके पद्धतीच्या प्रायमरने (त्या जागी मिश्र अक्षरं असलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने) ३२ कोडॉन येतात. त्यातला कुठलाही एक ठरावीक कोडॉन सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे तिप्पट, म्हणजे ९६ च्या आसपास कॉलनी तपासायच्या. एक प्लेट. दोन जागा एकदम घेतल्या तर तीन हजार, तीन घेतल्या तर लाखाच्या जवळ. तिसरी जागा जोडण्याआधी दोनदा विचार करा.

आता खरा विषय, चाळणी. सुरुवातीच्या काळात मी एका एस्टरेजवर (एस्टर तोडणाऱ्या एन्झाइमवर) काम करत होतो. खरा सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, महाग होता, म्हणून आम्ही पॅरा-नायट्रोफिनॉलचा एस्टर वापरला. तो तुटला की द्रावण पिवळं होतं, मोजायला अगदी सोपं. पहिल्या फेरीत बावीस ‘विजेते’ मिळाले. आनंदाच्या भरात आम्ही त्यांचे क्रम वाचायला पाठवले, आणि दोन दिवसांनी मी सहज त्यांचे पत्ते वहीत लिहायला बसलो: ए३, ए७, ए११, बी१२, एच२, एच५… जवळपास सगळे प्लेटच्या कडेचे. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ३६ खड्डे कडेला असतात. इनक्युबेटरमध्ये तिथलं पाणी लवकर उडतं, उरलेलं द्रावण दाट होतं आणि पिवळा रंग गडद दिसतो. आम्ही एन्झाइम निवडलं नव्हतं, बाष्पीभवन निवडलं होतं. ते सुधारून, प्लेट ओलसर डब्यात ठेवून, पुढच्या चार फेऱ्या केल्या. शेवटचा वाण पॅरा-नायट्रोफिनॉलच्या एस्टरवर झकास चालला आणि खऱ्या सब्स्ट्रेटला त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सोय म्हणून जो पर्यायी सब्स्ट्रेट घेतला, नेमकं त्याच्यासाठीच आम्ही एन्झाइम घडवत आलो होतो. दीड वर्ष गेलं. त्यानंतर प्रत्येक फेरीतले पहिले पाच-दहा वाण खऱ्या सब्स्ट्रेटवर तपासल्याशिवाय मी पुढच्या फेरीला हात लावत नाही.

पर्यायी सब्स्ट्रेट वाईटच, असं मात्र नाही. विचार करून वापरला तर तो जिन्याची पायरी होतो. सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची गोळी आपल्याकडे घराघरात आहे. ती बनवताना एक पायरी पूर्वी ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि उच्च दाबाखालचा हायड्रोजन वापरून होत असे. मर्क आणि कोडेक्सिस यांनी त्याजागी ट्रान्सअमिनेज (रेणूला अमाइन गट जोडणारं) एन्झाइम आणायचं ठरवलं. अडचण अशी की मूळ एन्झाइमला सिटाग्लिप्टिन ज्यापासून बनतं तो अवाढव्य कीटोन रेणू मावतच नव्हता. क्रिया मोजण्याइतकीही नाही. आणि शून्यातून निवड करता येत नाही. त्यांनी आधी त्या कीटोनचा छाटलेला, लहान नमुना घेतला, त्यावर एन्झाइम सुधारलं, खोबण मोकळी केली, मग पूर्ण रेणूकडे वळले. पूर्ण रेणूवर पहिल्यांदा क्रिया दिसली तेव्हा रूपांतर एक टक्काही नव्हतं. पण दिसलं तरी! तिथून पुढे प्रत्येक फेरीत सब्स्ट्रेट वाढवला, द्रावक वाढवला, तापमान चढवलं. म्हणजे कारखान्यातली परिस्थिती हळूहळू चाळणीत आणली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या एन्झाइममध्ये २७ बदल होते, लिटरमागे २०० ग्रॅम कीटोन ते हाताळत होतं, आणि रेणूच्या डाव्या-उजव्या, एकमेकांच्या आरशातल्या रूपांपैकी हव्या त्या रूपाची शुद्धता ९९.९५ टक्के होती. एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला. एकदम सगळं मागितलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

काही ठिकाणी चाळणी हाताने लावावी लागत नाही, जगणं-मरणंच चाळणी होतं. डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेतलं २०१७ चं काम मला या बाबतीत सर्वांत देखणं वाटतं. डीएनएमधल्या अ‍ॅडेनिनचा अमाइन गट काढणारं एन्झाइम निसर्गात माहीत नव्हतं. टॅड-ए नावाचं जीवाणूतलं एन्झाइम हेच काम टीआरएनएवर (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएवर) करतं. त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलपासून वाचवणारं जनुक एका अक्षराने मोडून ठेवलं. टॅड-एच्या वाणाने डीएनएमधलं ते अक्षर दुरुस्त केलं तरच पेशी औषधात जगणार. सात फेऱ्यांनंतर अ‍ॅडेनिन बेस एडिटर (डीएनएमधलं एकच अक्षर बदलणारं साधन) तयार झाला. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातलं चुकीचं अक्षर दुरुस्त करायला अशाच घराण्यातला एडिटर खास बनवून दिला गेला. हे वाचताना माझे डोळे भरून आले होते, ते लपवत नाही.

याच प्रयोगशाळेने २०११ मध्ये पेस ही सततची पद्धत आणली. त्यात एम१३ फेजकडून त्याचं एक आवश्यक जनुक काढून यजमान पेशीला दिलेलं असतं, आणि हवं ते काम झालं तरच ते जनुक चालू होतं. पेशी सतत वाहून जातात. जो फेज काम करतो तो टिकतो. दिवसाला डझनावारी फेऱ्या आपोआप होतात. तुम्हाला याची गरज नाही. पंप, नळ्या आणि दूषित फेज यांच्याशी झगडण्यात तुमचं वर्ष संपेल. मशीन लर्निंग वापरावं का, असंही तुम्ही विचारलंय: पहिल्या फेरीतल्या शे-दोनशे वाणांचे नीट मोजलेले आकडे असतील तर पुढचे बदल सुचवायला त्याचा चांगला उपयोग होतो, मोजमाप कच्चं असेल तर तेच कच्चेपण ते शिकतं.

आता तुमचा बेत. बदल फक्त आर्सआरच्या जनुकात करा. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) आणि प्रमोटर वेगळ्या, न बदललेल्या प्लास्मिडवर ठेवा. नाहीतर ‘आर्सेनिक नसताना अंधार’ ही अट पुरी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे जीएफपी मोडणं, आणि उत्क्रांती सोपा मार्ग घेणारच. प्लास्मिड हरवलेल्या पेशीही अंधाऱ्याच दिसतील, म्हणून रिपोर्टरच्याच प्लास्मिडवर कायम चमकणारं लाल प्रथिन ठेवा आणि फक्त लाल पेशी मोजा. त्याआधी एक स्वस्त उपाय करून बघितलात का? जीएफपीच्या आधी आर्सआर बसण्याची आणखी एक जागा घातली तर गळती कमी होते, हे अशा सेन्सरांमध्ये दिसलेलं आहे. तेवढ्याने भागलं तर उत्तमच.

नाही भागलं तर दोन चाळण्या आलटून पालटून लावा. पहिली आर्सेनिकशिवाय: फ्लो सॉर्टरवर (चमकेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) अंधाऱ्या पेशी वेगळ्या करा. सॉर्टर सेकंदाला हजारो पेशी बघतो, म्हणजे दोन बदलांची साडेचोवीस लाखांची लायब्ररी त्याच्या आवाक्यात आहे. पण इथेच थांबलात तर फसाल, कारण ज्यांचं ३२ किंवा ३४ क्रमांकाचं सिस्टीन गेलंय ते वाण या चाळणीतून ऐटीत पार होतील. ते डीएनएला घट्ट धरतात आणि आर्सेनिक आलं तरी सोडत नाहीत. त्यांना गाळायला दुसरी चाळणी: आर्सेनिक घालून चमकणाऱ्या पेशी घ्या. किती आर्सेनिक? पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. सिग्नल ठसठशीत दिसावा म्हणून तुम्ही ५०० घातलंत, तर ५०० ला उघडणारा सेन्सर मिळेल, आणि बंगालमधल्या एखाद्या हातपंपाच्या पाण्यात ४० असताना तो गप्प बसेल. पहिल्या फेरीत १०० वर सुरू करा हवं तर, पण दर फेरीत खाली या आणि शेवटी १० जवळ पोचा.

सॉर्टर मिळत नसेल तर टेट-ए जनुक जीएफपीच्या जागी लावता येतं. ते चालू असलं की पेशी टेट्रासायक्लिनमध्ये जगते आणि निकेल क्लोराइडमध्ये मरते, म्हणजे एकाच जनुकाने दोन्ही बाजूंची निवड होते. प्रत्येक फेरीनंतर विजेता आर्सआर नव्या प्लास्मिडमध्ये, नव्या पेशीत घालून पुन्हा मोजा. कित्येकदा सुधारणा प्रथिनात नसतेच. यजमान पेशीच्या गुणसूत्रात कुठेतरी बदल होऊन आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप मंदावलेला असतो. आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी व आर्सेनिकच्या कचऱ्याची सोय सुरुवातीलाच करून ठेवा.

हे सगळं नंतर. या सोमवारी फक्त एवढंच करा: आहे तेच सर्किट, एकच कॉलनी, ९६ खड्ड्यांत वाढवा. ४८ खड्ड्यांत लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक, ४८ आर्सेनिकशिवाय, आणि दोन्ही प्रकार प्लेटवर मिसळून पेरा, कडेलाही आणि मध्येही. दुसऱ्या दिवशी हिरव्या चमकेचे ९६ आकडे आलेखावर मांडा. सगळे खड्डे जनुकाने सख्खे भाऊ आहेत, त्यामुळे एकाच गटात जो फरक दिसेल तो तुमच्या हाताचा, प्लेटचा आणि यंत्राचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल आणि गळती असूनही दोन गट वेगळे दिसत असतील, तर मंगळवारी पीसीआर लावा. दोन्ही ढीग एकमेकांत मिसळलेले असतील, तर प्रायमर फ्रीजरमध्येच राहू द्या आणि आधी मोजमाप दुरुस्त करा.